वॉटरलेस मशीनवरचा ओला स्पंज

असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून चहा करायला जाणारा माणूस. तुम्हीही खुशाल हसा... पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

मी हैदराबादेत, अफझलगंजच्या एका छापखान्यात सुपरवायझर आहे. आमचे यूसुफचाचा आयुष्यभर ऑफसेट छपाईचं मशीन चालवत आले. साध्या ऑफसेटमध्ये प्लेटवर पाणी फिरतं, ते कोऱ्या जागेवर शाई धरू देत नाही. शाई-पाण्याचा तोल राखण्यात चाचांचा हात कोणी धरू शकत नसे. मग वॉटरलेस मशीन आलं. त्यात पाण्याचं काम प्लेटवरचा सिलिकॉनचा थर करतो. ठिपके रेखीव, रंग गडद, कागद कमी वाया. पण प्लेटा महाग, थर नाजूक, आणि रोलर गार ठेवणारा चिलर बंद पडला की कोऱ्या जागेवरही शाईची झाक येते.

चाचांची सवय सुटेना. एकदा त्यांनी ओल्या स्पंजने प्लेट पुसली, स्पंजातल्या कचऱ्याने चरा पडला. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "चाचा, अब पानी का काम खतम!"

त्यांनी स्पंज खिशात घातला. संध्याकाळी घरी जाताना एवढंच म्हणाले, "बेटी की किताब इसीच मशीन पे छापना साब. बारीक लकीरां अच्छे आते इसपे."

त्यांची मुलगी नसरीन चित्रं काढते. पुस्तक व्हायच्या आतच चाचा वारले... माफी मागायची राहूनच गेली.

मे महिन्यात, भर दुपारी, नसरीनसमोर पुस्तक छपाईला घेतलं. तिने आणलेला कागद जेमतेम पुरणारा. मशीन जोरात चाललेलं — आणि कागद बाहेर येतो तिथल्या पत्र्यावर दोनदा टकटक! छपाई बिघडली की चाचा अशीच टकटक करायचे. तिथे कोणी नव्हतं. मी दचकून मशीन थांबवलं. पाहतो तर चिलर बंद, शेवटच्या कागदावर नुकती झाक यायला लागलेली. थोडा उशीर झाला असता तर सगळा कागद फुकट गेला असता.

आणि मशीनच्या पायरीवर एक ओला स्पंज... पिवळा, एका कडेने झिजलेला. नसरीनने उचलला तर पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं.

"ये तो अब्बा की पेटी में था साब. घर पे. मैं खुद ताला लगाई थी..."

चिलर गळाला म्हणावं, तर पाइप कोरडा, फरशीही कोरडी. तिनेच आणला म्हणावं, तर तिचा पांढराफटक चेहरा मी पाहिलाय. स्पंज आला कुठून, ते मला आजही सांगता येत नाही.

चिलर दुरुस्त झाल्यावर मी लगेच मशीन सुरू केलं नाही. ओरडलो होतो सगळ्यांसमोर, म्हणून सगळ्यांसमोरच हात जोडले. "चाचा, माफ करना," म्हटलं... आणि मग बटण दाबलं.