बुरुजाची उंची

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हाला त्या वर्षांत आमच्या अकोल्यात कापसाचा वास असे. समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीची आठवण झाली, असे मोठी माणसे बोलत. मला दिसत त्या अमरावतीच्या बाजाराला निघालेल्या गाड्या, आणि शाळेच्या खिडकीतून तरंगत येऊन माझ्या धूळपाटीवर अलगद उतरणारे तंतू. त्यांना फुंकर घालावी तर खालची अक्षरेच उडून जात.

सरकारी शाळा नवीनच निघाली होती, आणि तिच्यात मी हुशार निघालो, हे माझे दुर्दैवच म्हणायचे. पंतोजी पुण्याकडचे, मनाने अगदी लोणी. ज्याला येते त्याने सांगावे, बाकीच्यांनी मागून म्हणावे, ही त्यांची रीत. पाढे मला लवकर आले म्हणून परवचा सांगण्याचा मान माझ्याकडे आला, आणि वर्ष उलटले तरी माझ्याकडेच राहिला. मान कसला, घाण्याचा बैलच झालो होतो मी! तोंड पाढे म्हणे आणि मन मोर्णेच्या पात्रात खडे मारीत बसे. मला मोठेपण देण्याच्या नादात मला शिकवायचे राहून गेले आहे, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आले नव्हते. आज मी स्वतः शिकवतो, तरी एखादे पोर सगळ्यांच्या आधी पाटी पालथी घालून बसलेले दिसले, की शाबासकी देण्याआधी माझे मन कातर होते.

बाबांच्या मात्र ते ध्यानात आले. रोज सांजेला बैलांपुढे कडबा टाकताना ते विचारीत, "आज काय शिकला रे?" आणि मी म्हणे, "थे तं मले येतच होतं." एके दिवशी त्यांचा हात थांबला. "समदंच येते तं शाळेत काहून जातं? परवा गाडी अमरावतीले जाते, चाल माह्यासंगं. आता धंदा शिक." त्यांचे काही चुकत नव्हते, पण कंटाळा आला तरी शाळा सुटावी असे मला कधी वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी परवचा सांगायला माझा आवाजच फुटेना. पंतोजींनी जवळ घेतले, तसे मी रडत रडत सारे सांगून टाकले. शाळा सुटल्यावर ते मला किल्ल्याकडे घेऊन गेले. उन्हे कलली होती, बुरुजाची सावली नदीच्या वाळूवर लांबच लांब पसरली होती. "वर न चढता सांग, हा बुरुज किती उंच?" मी पाढे आठवले, पावकी-निमकी आठवली; काहीच कामी येईना. असे मला कधी झालेच नव्हते. अखेर मी मान खाली घातली, तेव्हा पंतोजी माझ्याशेजारी वाळूत बसले आणि हळूच म्हणाले, "मलाही येत नाही रे. पण ह्या सावलीतच काहीतरी आहे. शोधू या दोघे?"

घरी पोचलो तो बाबा गोठ्यातच होते. "आज काय शिकला रे?"

"आज मले नाई आलं, बाबा."

ते वळले. "तुले नाई आलं?"

"पंतोजीलेबी नाई आलं!"

मी हे हसत सांगतो आहे की रडत, ते त्यांना कळेना. मलाही कळत नव्हते. त्यांनी माझ्या केसांत अडकलेला कापूस काढला. "मंग जाय उद्या शाळेत," ते म्हणाले.

पहाटे गाडी माझ्यावाचून निघाली. बैलांच्या घुंगरांचा आवाज वेशीपलीकडे विरेपर्यंत मी अंथरुणात पडून ऐकत होतो, आणि बुरुजाची सावली पुन्हा पडावी म्हणून ऊन वर यायची वाट पाहत होतो.