बस येईल, असं सांगितलं होतं

कुंडमच्या पुढे, सागवानाच्या जंगलातल्या एका गावात अनसूयामावशी सरकारी हायस्कूलची प्राचार्य होती. शाळा लहान. गणिताला शिक्षक नाही, विज्ञानालाही नाही. मावशीचा विषय संस्कृत, पण नववीचं गणित तीच शिकवायची. आदल्या रात्री शहरात, गोहलपुरातल्या घरी बसून आधी स्वतः शिकायची आणि सकाळच्या बसनं निघायची.

म्हणून जिल्ह्याचा नवा आराखडा आला तेव्हा तिला मनापासून आनंद झाला. आसपासच्या लहान शाळा बंद करून एकच मोठी शाळा: प्रत्येक विषयाला शिक्षक, प्रयोगशाळा, मुलांना न्यायला बस. गावकरी तयार नव्हते. त्यांना समजावायला मावशीच गेली.

"बस पक्की आएगी ना, मैडम जी?" समारूनं विचारलं. त्याची फूलवती नववीत होती, वर्गात सगळ्यांत हुशार.

"पक्की," मावशी म्हणाली. तिच्या शब्दावर गाव तयार झालं.

बस दिवाळीपर्यंत आली. मग ठेका संपला, आणि पुढच्या आराखड्यात बस नव्हतीच. सायकली मिळाल्या होत्या, पण जंगलातल्या त्या चढाच्या रस्त्यानं पोरींना एकटं कोण पाठवणार? एकेक करून पोरी घरी बसल्या. नव्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या खोक्यांतच राहिल्या.

मावशी वरच्या कार्यालयात खेटे घालत राहिली. साहेब सौम्यपणे म्हणाले, "मैडम, एक बस के लिए पूरी योजना नहीं बदलती. अगले साल देखेंगे."

ती समारूच्या घरी गेली तेव्हा फूलवतीचं लग्न ठरलेलं होतं. पोरगी बाहेर आलीच नाही. समारूनं खाट टाकली, पाणी दिलं. "आपने कहा था, तो भेजा था," एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडेच होते. ती जेवली नाही. तिचे यजमान गुणवंतकाका म्हणाले, "काहून स्वतःलेच खाऊन राहिली? आराखडा काय तू बनवला?"

"नाही. पण गावात नेला मी. त्यांनी त्या कागदावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला."

मग रविवारी ती गावातल्या बंद झालेल्या जुन्या शाळेच्या ओसरीवर पोरींना शिकवायला लागली, बाहेरून परीक्षा देता यावी म्हणून. सुरुवातीला ओसरी भरली. लगीनसराई आली तशी ती रिकामी होत गेली. दोघी परीक्षेला बसल्या, एक पास झाली. परवानगीशिवाय वर्ग चालवल्याबद्दल मावशीला नोटीस आली आणि पाठोपाठ बदली.

आता ती शहरातल्या शाळेत आहे. तिथे संस्कृतचे शिक्षक आधीच गरजेपेक्षा जास्त आहेत. तिच्या वाट्याला तास फार थोडे येतात. उरलेला दिवस ती स्टाफरूममध्ये बसून काढते.