वादीतली लाल रेघ

फोन नीट कानाशी धर, पोरी, आणि सोहारच्या ड्युटीची कारणं सांगू नकोस. वर्ष झालं तुला बघून. त्या रेघवाल्याची गंमत सांगायची राहूनच गेली.

नागपूरकडचा इंजिनिअर. नाव मी अजून विचारलेलं नाही. आमच्या वादी अदाईच्या वस्तीत रोज यायचा, पावसापुरती ओढ्यासारखी वाहणाऱ्या त्या वादीच्या कोरड्या पात्राची मापं घ्यायचा, बोलताना टोपी काढून परत घालायचा. एक दिवस आमच्या कुंपणावर त्यानं कमरेएवढी लाल रेघ मारली.

"पाणी इथवर येणार, मावशी. वादीत गाडी लावू नका."

"अरे, पण ढग कुठाय?"

"पाऊस वर अमेरातच्या डोंगरात पडतो, पाणी खाली इथं येतं. म्हणून वर सरकारचं पर्यावरण धोरण, त्याखाली अख्ख्या पाणलोटाचा आराखडा, त्याखाली तुमची गल्ली."

"म्हणजे आमचा नंबर शेवटी."

"पाणीपण त्याच क्रमानं येतं, मावशी."

मी घाबरून मुलाला त्याची नवी गाडी वादीतल्या झाडाखालून काढून चढावर न्यायला लावली. चारच दिवसांनी हा इंजिनिअर माझ्याकडे चहा पीत असताना, लख्ख उन्हात, वादी धो धो वाहायला लागली. मोकळ्या झालेल्या त्या सावलीत एकच गाडी उभी होती, ह्याची. आम्ही गॅलरीतून बघत राहिलो. पाणी गाडीच्या खिडकीला आणि कुंपणावरच्या लाल रेघेला लागलं, तेव्हा ह्यानं टोपी काढली आणि हळूच म्हणाला,

"रेघ बरोबर आली, मावशी."

गाडीचं दुःख होतंच गं, पण हिशोब जुळल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

तर आता लवकर ये. गाडी चढावरच लाव. तोही तिथेच लावतो आणि चहाला चालत येतो.