पत्रा वाजला नाही

गिरणी बंद पडल्यावर दादा मुंबईहून कायमचा गावी आला. आमचं गाव रत्नागिरीहून एसटीनं तासाभराच्या वाटेवर. मी रत्नागिरीत एका शाळेत विज्ञान शिकवायचे, खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी घरी जायचे. घरात आई, दादा आणि वहिनी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि आई ते वहिनीला विसरू द्यायची नाही.

दादानं आल्या आल्या गोठा हाती घेतला. गोठ्यावर गवताचं छप्पर होतं. दर साल शाकारायचं आणि दर साल ते कुजायचं. त्यानं ते उतरवून सिमेंटचे पत्रे घातले. वाडीत तसे पत्रे आमचेच पहिले. आई येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवायची.

श्रावणात एकदा वाऱ्यानं माडाची झावळी पत्र्यांवर पडली. पाणी तुंबून गुरांच्या अंगावर गळायला लागलं. पाऊस उघडला तसा दादा शिडी लावून वर चढला. वहिनी शिडी धरून खाली उभी होती. वाशावर पाय ठेवत तो मधोमध गेला आणि झावळी ओढताना त्याचा एक पाय दोन वाशांच्या मधे पडला. पत्रा फुटला आणि तो खालच्या चिऱ्यांच्या गव्हाणीवर पाठीवर आदळला.

मला शाळेत निरोप आला. मी सिव्हिलला पोहोचले तेव्हा तो शुद्धीवर होता, पण कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. वहिनी त्याच्या पायाशी उभी होती. तिनं पायावर ठेवलेला हात त्याला कळत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा नवलच जास्त दिसत होतं. मला म्हणाला, "काय वाजलाच नाय गो." दिवेलागणीला तो गेला. पोटात रक्तस्राव झाला होता, असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर आईनं बोलायला सुरुवात केली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगायची की ही खाली उभी होती, पत्रा वाकताना हिला दिसला नाही, एक हाक मारली असती तर पोर उतरला असता. आईचा जन्म लाकूड, बांबू आणि गवत यांच्यात गेला होता. वासा मोडण्याआधी करकरतो, खाली झुकतो, माणसाला बाजूला व्हायला अवसर देतो. सगळ्याच वस्तू तसं करतात असं ती धरून चालली होती. हळूहळू वहिनीलाही ते पटू लागलं. तिनं जेवण टाकलं.

एका शनिवारी विहिरीवर तिनं मला विचारलं, "वन्सं, तुम्ही हे पोरांना शिकवता ना? पत्रा वाकला असेल आणि माझंच लक्ष नसेल, असं झालं असेल का?"

मी समजावायला लागले. तिनं मला थांबवलं. "सांगू नका. दाखवा."

गोठ्यामागे पत्र्याची एक उरलेली पट्टी पडली होती. अंगणात दोन चिरे मांडून मी ती त्यांच्यावर आडवी टाकली. मधोमध एकेक दगड ठेवत गेले. वहिनी उकिडवी बसून, गाल जवळजवळ जमिनीला लावून, पट्टीची खालची कड बघत होती. दगड वाढत गेले, पट्टी सरळच दिसत राहिली. मग आधीच्यांसारखाच आणखी एक दगड ठेवला आणि तिचे दोन तुकडे झाले. आधी कुरकुर नाही, काही नाही. आवाज झाला तो तुटल्याचाच.

वहिनी तुटलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मी सांगितलं की भार पडला की वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. सिमेंट दाब सोसतं, ताण सोसत नाही. खिळ्याच्या भोकापाशी डोळ्यांना न दिसणारी चीर असते, सगळा ताण तिच्या टोकाशी गोळा होतो. ती एकदा धावली की पापणी लवायच्या आत पलीकडे पोचते. पत्रा वाकतो, पण इतका कमी की खालून कोणालाच दिसायचा नाही.

"म्हणजे हाक कधी मारायची होती?"

"मारण्यासारखं काही घडलंच नव्हतं, वहिनी."

तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ती तिथंच चिऱ्याला टेकून बसली आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. म्हणाली, "मग त्यांना कोणीच काही सांगितलं नाही."

आई पडवीतून हे सगळं बघत होती. "दगड ठेवून दाखवतेस," ती मला म्हणाली. "माझा पोर काय दगड होता?" आणि आत गेली.

त्या वर्षी घरात दुखवटा म्हणून गणपती आणला नाही. वहिनीचा भाऊ गुहागरहून येऊन तिला घेऊन गेला. आई दारापर्यंतही आली नाही. पत्र्याचं भोक मी दुरुस्त करू म्हटलं, तेही तिनं करू दिलं नाही. पाऊस आत येत राहिला. शेवटी गुरं विकली.

दोनएक वर्षांनी वहिनी मला रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर दिसली. ती भावाच्या वाडीत सुपाऱ्या सोलायचं काम करायची, हातांना त्याचेच डाग होते. आई अजून तसंच म्हणते का, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं मान हलवली आणि गोठ्यातली काळी गाय कोणाला दिली ते विचारलं. ते मला माहीत नव्हतं.