पत्ता नसलेल्या पेट्या

नवी आवृत्ती येणार हे मला आधीच माहीत होतं. तेव्हा मी रत्नागिरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. वेबसाइटसाठी वापरतात ती पीएचपी भाषा मी एकटीने चाचपडत शिकले होते आणि तिच्यात आमच्या हापूसची साइट केली होती. गिऱ्हाइकाने नाव, पत्ता, किती पेट्या हे फॉर्मात भरायचं, की ते मला मेलने यायचं. सासऱ्यांनी आयुष्यभर सगळा माल वाशीच्या दलालाकडे पाठवलेला. भाट्याच्या खाडीपलीकडच्या बागेतला कातळावरचा एक तुकडा त्यांनी मला दिला, तोही एका हंगामापुरता.

"तुझ्या मशिनीवर गिऱ्हाईक आलं तर तुकडा तुझा," ते म्हणाले. "नाही आलं तर पुढच्या वर्षी सगळं ट्रकात."

दोन हजार दोनच्या एप्रिलात, ऐन हंगामात, साइट जिथे ठेवली होती त्या कंपनीने पीएचपीची नवी आवृत्ती चढवल्याचं कळवलं. मला आनंदच झाला. नवं काही आलं की माझे हात स्वस्थ बसत नाहीत.

त्यानंतर मेल आली ती अशी: नाव, पुढे काही नाही. पत्ता, पुढे काही नाही. पेट्या, पुढे काही नाही. कोणी गंमत करतंय असं वाटलं. मग तशाच आणखी आल्या. क्लासला निघताना सासऱ्यांना एवढंच सांगितलं, "बाबा, डझनभर ऑर्डरी आल्यात, पण कोऱ्या आल्यात."

त्यांनी पहिला अर्धा भागच ऐकला. दुपारी मी घरी आले तर पडवीत पेट्या भरून तयार. दर मेलमागे एक पेटी. गड्यांना झाडावर चढवून, काठीला बांधलेल्या जाळीच्या घळीने अलगद आंबे उतरवून, पेंढ्यात नीट लावलेले.

"बाबा, या कुणाच्या?"

"तुझ्या गिऱ्हाइकांच्या. हंगामात दारात आलेला माणूस रिकाम्या हाताने गेलेला नाही आपल्याकडे. नावगाव मागनं विचारायचं."

नावगाव विचारायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आणि पेंढ्यातला आंबा कुणासाठी थांबत नाही, तो रंग धरायला लागतो. मी मशीन लावून बसले. संध्याकाळपर्यंत घोळ कळला. पूर्वी फॉर्मात भरलेलं सगळं आपोआप प्रोग्रामात येऊन बसायचं. नव्या आवृत्तीने ते बंद केलं होतं. आता कुठून काय घ्यायचं ते प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहायला हवं होतं.

सासऱ्यांना सांगितलं, "आधी कुणीही उठून थेट माजघरात येत होता. आता म्हणे ओटीवरच विचारा, कोण, कुठला."

"मग बरोबरच केलान," ते म्हणाले. "एवढी वर्षं दार उघडं ठेवलान, तोच येडेपणा. शहाणी आहे हो तुझी भाषा. सूनच झोपलेली."

फॉर्म दुरुस्त केला. पण आधीच्या गिऱ्हाइकांचं काय? साइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: या आठवड्यात मागणी नोंदवलेल्यांनी कृपया फोन करावा. आता नवीच पंचाईत. घरात फोनची लाइन एकच. मी इंटरनेटवर असले की फोन लागत नाही, आणि फोन मोकळा ठेवला तर नवी मेल बघता येत नाही. मी सारखी तार काढत होते, लावत होते. सासरे फेऱ्या घालत होते. "सोड गो ती लाइन. तिकडे माणसं खोळंबली असतील."

सोडली. फोन वाजला. त्यांनीच उचलला.

"बोला. डोंबिवली? बरं. पण मूळचे कुठले? मंडणगड? मंडणगडात कुणाचे?"

मी शेजारी उभी. "बाबा, पेट्या किती ते विचारा. दुसऱ्या कुणाचा फोन लागायचा नाही."

त्यांनी हातानेच मला गप्प केलं. त्या माणसाच्या आजोळापर्यंत पोचल्यावर मग पेटीचं निघालं. पत्ता मी खडूने थेट पेटीवरच लिहिला.

असे पुष्कळ फोन आले. एका बाईंनी मला चांगलंच झापलं. दोघांनी तेवढ्यात दुसरीकडे सांगून टाकलं होतं. वाशीला जाणारा ट्रक दारात आला तेव्हा तीन-चार पेट्या बिनपत्त्याच्या उरल्या. दलालाच्या मालात जाऊ देत म्हणून मी त्या ड्रायव्हरकडे सरकवायला लागले.

"त्या राहू देत," सासरे म्हणाले. "येईल फोन."

ट्रकला द्यायचा माल त्यांनी हातचा राखलेला मी प्रथमच पाहिला. ट्रक गेला. फोन आला नाही. वास घरभर व्हायला लागला तरी ते पेटी फोडू देईनात. शेवटी आंबे इतके पिकले की पाठवायची सोयच उरली नाही, तेव्हा पेट्या स्वयंपाकघरात नेल्या.

ते परात घेऊन रस काढायला बसले. मी मनातल्या मनात तुकडा परत देऊन टाकला होता.

"कातळावरचा आंबा लवकर पिकतो," ते बाठा पिळत म्हणाले. "पुढच्या वर्षी खालच्या अंगाची झाडं घे. ती जरा दम धरतात."