मधल्या तीन वर्षांचा दाखला

पारोळ्याच्या एस.टी. स्टँडवर मी पत्र्याची पेटी घेऊन उभी होते आणि नाना, म्हणजे माझे चुलते, त्या पेटीकडे बघून हसत होते. साल अडुसष्ट, महिना जून. धुळ्याच्या कॉलेजात प्रवेश घ्यायची ती शेवटची तारीख. नाव अजून लागलेलं नव्हतं, एका मुलींच्या बोर्डिंगात राहायचं नुसतं तोंडी ठरलं होतं, आणि तरी मी पेटी भरून निघाले होते. झाकणाला आतून यादी चिकटवलेली: पातळं तीन, तांब्या एक, अकरावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, दोन पेन्सिली, चटणीची बरणी.

"पेटी लई जास, आन सांजले पेटी लई परत येशी," नाना म्हणाले. "रविवारले पाव्हना येथीन. ध्यानमा ठेव."

पाहुणे शिरपूरकडचे, मला बघायला येणार होते. स्थळ नानांनीच आणलेलं. माझं नाव लागलं नाही तर रविवारी पाट मांडलेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. आबा, माझे वडील, माझ्याबरोबर धुळ्याला येणार होते. त्यांनी पेटी उचलून एस.टी.च्या टपावर चढवली. माय स्टँडपर्यंत येऊ शकत नव्हती. काठी टेकत दारापर्यंत आली होती, तेवढंच. अर्धांगवायू झाल्यापासून तिचं बोलणं अडखळत यायचं, पण त्या सकाळचं वाक्य सरळ आलं: "जाय माय, मांगे दखू नको."

तुम्हा धाकट्या भावंडांपैकी कुणी सुरतेला गेलात, कुणी पुण्याला, एक जण तर विमानानं गेला. लग्नात भेटलात की मला म्हणता, अक्का, तू काय, तासाभराच्या रस्त्यावर गेलीस. त्याला काय गाव सोडणं म्हणायचं? म्हणायचं. आमच्या गल्लीतून तोवर एकही मुलगी नवऱ्यामागून जाण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी गाव सोडून गेलेली नव्हती. तो तासाभराचा रस्ता तुमच्यातल्या कुणाच्याही विमानापेक्षा लांब होता, आणि हे मी तोंडावर सांगते.

कॉलेजच्या ऑफिससमोर रांग होती. सगळी मुलं. खिडकीतून शब्द यायचे आणि मुलं माना हलवायची. मला एकही कळत नव्हता. मी वही काढली आणि माझा नंबर आल्यावर विचारलं, "प्री-डिग्री म्हणजे काय?" मागे हसू फुटलं. खिडकीतले हेडक्लार्क म्हणाले, "अकरावीनंतरचं पहिलं वर्ष." मी लिहून घेतलं. "टर्म म्हणजे?" वर्षाचे दोन भाग, त्यातला एक. हजेरी भरली नाही तर टर्म मिळत नाही आणि परीक्षेला बसता येत नाही. लिहिलं. "बोनाफाईड?" हा इथलाच विद्यार्थी आहे असा दाखला. "ट्रू कॉपी?" मूळ कागदाची नक्कल, साहेबाची सही-शिक्का असलेली. लिहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, शाळा इथंच भरवता का?" मी वळून विचारलं, "तुला येतं का? सांग, टर्म कधी जाते?" त्याला येत नव्हतं. तो नंतर माझ्याच वहीतून उतरवून घेऊन गेला.

मग हेडक्लार्कांनी माझं गुणपत्रक बघितलं आणि चष्मा वर केला.

"अकरावी होऊन तीन वर्षं झाली. मधे गॅप आहे."

"गॅप म्हणजे?"

"खंड. या काळात तुम्ही काय करत होतात, त्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. कोर्टासमोर करून मिळतं. पाचच्या आत आणा, उद्या यादी बंद."

कोर्टाबाहेर लिंबाखाली टायपिंगवाला बसला होता. त्यानं माझं नाव-गाव विचारलं, बाकी काही विचारलंच नाही. यंत्र खडखडलं आणि कागद माझ्या हातात आला. वर लिहिलं होतं, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते. खाली लिहिलं होतं, सदर तीन वर्षे मी घरी रिकामी होते, कोणतेही शिक्षण, नोकरी अथवा काम केलेले नाही.

मी कागद परत केला. "हे खोटं आहे."

"नोकरी होती का तुम्हाला?"

"नव्हती."

"मग रिकाम्याच ना! अहो ताई, बायकांच्या कागदावर हेच असतं. सगळ्या सही करून जातात, तुम्हीच पहिल्या वाद घालणाऱ्या."

आबा हळूच म्हणाले, "करी टाक ना सही, माय. कागदच शे."

मला त्या दिवशी नक्की काय झालं ते सांगते. घाई होती, ऊन होतं, रविवार डोळ्यांसमोर होता. सही केली असती तर अर्ध्या तासात नाव लागलं असतं. पण मला माझी तीन वर्षं दिसायला लागली. माय अंथरुणाला खिळली तेव्हा मी अकरावीचा निकाल हातात घेऊन उभी होते. पारोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील. मी दरवाज्यामागे खडूनं वेळा लिहिल्या आणि माय चालायला लागेपर्यंत रोज त्यावर खुणा केल्या. तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. सुई उकळून इंजेक्शन द्यायला शिकले. दोन भाऊ शाळेत पाठवले. कापूस वेचणीला आलेल्या बायांच्या भाकऱ्या भाजल्या आणि मग त्यांच्याच ओळीत उभी राहून वेचणी केली. त्या उन्हाळ्यात थोरल्या भावाचं लग्न झालं, घरात वहिनी आली, तेव्हा कुठे मी पेटी भरली. आणि आता मी शपथेवर लिहून द्यायचं, की मी रिकामी होते?

"आबा," मी म्हटलं, "वर शपथ लिखेल शे. खोटी शपथ लेऊ का? तुम्ही सांगा, मी रिकामी व्हतू का?"

आबांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. तीन वर्षांत त्यांनी मला कधी शाबास म्हटलं नव्हतं, तिथं तरी कसं म्हणणार? मी टायपिंगवाल्याला म्हटलं, नवीन कागद घ्या. आईची शुश्रूषा, घरकाम आणि शेतीकाम केले, असं लिहा. तो म्हणाला, "पुढं अडलं तर माझ्याकडे यायचं नाही." आणि टाईप केलं. मी सही केली, कोर्टाचा शिक्का घेतला आणि कॉलेजच्या खिडकीशी परत आले.

पुढं अडलंच. हेडक्लार्कांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, घरी होते एवढं लिहिलं असतं तर संपलं होतं. आता तुम्ही काम केलं म्हणता. काम केलं तर जिथं केलं तिथला दाखला लागतो. मालकाचा. कोण तुमचा मालक?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. रांगेतले सगळे ऐकत होते. मला पहिल्यांदा वाटलं, नाना बरोबर होते, संध्याकाळच्या गाडीनं पेटी परत जाणार.

आबा इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते खिडकीपाशी आले.

"साहेब, मालक मी शे."

रांग हसली. हेडक्लार्क हसले नाहीत. त्यांनी एक कोरा कागद खिडकीतून सरकवला. "मग द्या लिहून."

आबा चौथी शिकलेले. सहीपलीकडे त्यांनी काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी हात पुढे केला तर म्हणाले, "तू नको लिखू. हाई मनं काम शे." बाकावर बसून, जीभ दातात धरून, ते बराच वेळ लिहीत होते. पाचला पाच मिनिटं कमी असताना कागद खिडकीत गेला. हेडक्लार्कांनी तो मोठ्यानं वाचला, बहुधा अक्षर लागत नव्हतं म्हणून.

"दाखला देतो की माझी मुलगी माझ्या घरी व शेतात तीन वर्षे कामाला होती. तिने आईला उभे केले. एक दिवस सुटी घेतली नाही. तिच्यासारखे माणूस मला पुन्हा मिळणार नाही. तरी आजपासून तिला राजीखुशीने मोकळी करीत आहे."

रांगेत कुणी हसलं नाही. हेडक्लार्कांनी कागद टाचणीनं अर्जाला लावला आणि माझ्या फॉर्मवर शिक्का मारला. कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, प्रोव्हिजनल. मी विचारणार तेवढ्यात तेच म्हणाले, "तात्पुरता. बाकी कागद आले की पक्का. लिहून घ्या." आबा एस.टी.कडे निघाले तेव्हा मला म्हणाले, "नानाले मी सांगस." बस्स, तेवढंच.

मी धुळ्यातच शिकले आणि धुळ्यातच, दुसऱ्या एका कॉलेजच्या ऑफिसात, खिडकीच्या आतल्या बाजूला नोकरीला लागले. माझ्या समोर दर जूनमध्ये बाया येतात, लग्नानंतर पुन्हा शिकायला निघालेल्या. त्यांच्या कागदावर 'घरी रिकामी होते' असलं की मी तो परत करते. सहकारी म्हणतात, बाई, कशाला वेळ घालवता? घालवते. नियम फक्त एवढंच विचारतो की मधल्या काळात दुसरीकडे शिकत होतात का. रिकामी हा शब्द नियमात नाही, तो टायपिंगवाल्यांनी घातला आहे.

माझ्याकडे प्रत्येक कागदाची ट्रू कॉपी असते, वर्षवार, दोऱ्यानं बांधलेली. आबांच्या दाखल्याची नाही. तेव्हा मला नक्कल करून ठेवायचं सुचलं नाही आणि मूळ कागद कॉलेजच्या जुन्या दप्तराबरोबर कधीच गेला. आबाही गेले. पण त्यांची वाक्यं मला पाठ आहेत, कुणी विचारलं तर सही-शिक्क्याशिवाय म्हणून दाखवते.

गावातलं घर आता भावांचं आहे. मी जाते तेव्हा चुलत्याकडचं कुणीतरी अजूनही म्हणतं, घर टाकून गेली ती ही. मी ऐकून घेत नाही. टाकून गेले नाही, पळून गेले नाही, मला कुणी दिलंही नाही. काम पुरं केलं आणि मालकाच्या लेखी परवानगीनं निघाले. म्हणून त्या दारातून आत जाताना मी पाहुणीसारखी उंबऱ्याशी थांबत नाही. सरळ चुलीपर्यंत जाते आणि विचारते, आज काय काय करायचं राहिलं आहे?