कुसुमची शेळी

माझ्या थोरल्या साडूंइतका अडेल माणूस साऱ्या मुलखात दुसरा झाला नसेल. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन मी दारोदार फिरलो, पुढे कराडात स्वतःचे दुकान उभे केले. सांगलीच्या पेठेतले मुरलेले व्यापारी माझ्यापुढे हात टेकतात. पण कडेगावच्या या माणसाने मला असे हरवले की आठवले तरी अजून डोके तापते. लढाईहून ते थरथरता उजवा हात घेऊन परतले होते. लष्करी इस्पितळातल्या नर्सबाईने हाताला वळण लागावे म्हणून क्रोशाची सुई दिली, तेव्हापासून हे मिशाळ हवालदार ओसरीवर बसून सुताची जनावरे विणत आणि त्यांत कापूस भरत. सुई हाती असेतो हात अगदी स्थिर. मात्र ज्या पोरासाठी विणायचे त्याची सगळी कुंडली कळल्याशिवाय पहिला टाका पडत नसे. शेजारच्या चावऱ्या पोराला त्यांनी कासव करून दिले. म्हणाले, "चावू दे की किती चावायचं ती."

सांगलीच्या एका दुकानदाराने माझ्याकडे अशी डझनभर जनावरे मागितली. साडूंनी विचारले, पोरं कुणाची? वैतागून मी एक कुसुम जन्माला घातली: सांगलीची, पाच वर्षांची, अबोल, आईचा कान धरून झोपणारी. त्यांनी लांब कानांची शेळी विणली. ती मी त्याच आठवड्यात विकली. दुसरे पोर सुचवायला जावे, तर दर खेपेला कुसुमचीच चौकशी. बोलायला लागली का? शेळी उशाशी घेते का? शेवटी तिला भेटायला सांगलीला निघायचे म्हणून त्यांनी पायात वहाणा चढवल्या, तेव्हा माझा तोल गेला. ती तापाने गेली, असे मी सांगून टाकले.

ते विहिरीवर गेले, डोक्यावरून पाणी घेतले आणि ओलेत्याने परत आले. त्यानंतर सुईला शिवले नाहीत. हात पुन्हा थरथरू लागला, इतका की चहाची बशी बायकोने त्यांच्या तोंडाला लावावी लागे.

उभ्या जन्मात मी कुणापुढे चूक कबूल केली नव्हती, ती त्यांच्यापुढे केली. म्हणालो, "दाजी, कुसुम कुणी नव्हतीच. मी खोटं बोललो. आता विणायला घ्या."

त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिले.

"न्हवती कशी, पावणं? म्या तिच्यासाठी शेळी केली की."

मग तो थरथरता हात माझ्या पाठीवर ठेवून ते माझीच समजूत घालू लागले. मी ती घालू दिली.